बिनतळाची टाकी

“संडासाच्या टाकीचं काय पुसता बाई! पंधरा वर्षं झाले, एक डाव उपसली नाई. अशी टाकी अख्ख्या मोहखेडीत दाखवून द्या!”

गोपाळराव छाती फुगवून म्हणाले, आणि सिंधूताईंचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. अर्धा चहा पोटात गेला होता.

घर पाहावं बांधून म्हणतात, पण दुसऱ्यानं बांधलेलं विकत घेणं हा त्याहून मोठा घोर. सिंधूताईंचा धम्मदीप हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा. कंपनीची बस मोहखेडीच्या फाट्यापर्यंत येते म्हणून त्यानं हे गोपाळरावांचं घर पसंत केलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं संडास-न्हाणी, भिंतींना ताजा पोपटी रंग. सून मेघा सात महिन्यांची गरोदर, आणि भाड्याच्या चाळीत आठ बिऱ्हाडांना एक संडास. बँक कर्ज देणार होती, पण वीस टक्के तुमच्या हातचे घाला म्हणत होती. ते हातचे म्हणजे सिंधूताईंचे. नरखेडकडच्या बगीच्यांत संत्री तोडून, निवडून, पेट्या भरून बचत गटात टाकलेले. त्यातले दीड लाख महिन्यापूर्वीच बयाणा म्हणून गोपाळरावांना पोचले होते. घेणाऱ्यानं माघार घेतली तर बयाणा बुडाला, असं कागदावर लिहिलेलं. परवा रजिस्ट्री, आणि सिंधूताई धम्मदीपला घेऊन घर पाहत होत्या ते आज पहिल्यांदा.

“उपसली नाई म्हंजे? भरली नाई का?”

“भरतेच कायले! तेच तर सांगून राहिलो.”

“घरात माणसं किती?”

“सात. पावणे-रावळे येगळे.”

सिंधूताईंनी आपल्या गावात घरकुलाच्या टाक्या बांधताना पाहिल्या होत्या, विटा वाहिल्या होत्या. सात माणसांची टाकी चार-पाच वर्षांत भरायलाच पाहिजे. मग गाडी बोलवायची, ती नळी टाकते, गाळ ओढून नेते. न भरणारी टाकी गुणाची नसते, गळकी असते. पण खेडोपाडी लोक हेच मिरवतात, जसं काही घरात कोणी खातच नाही.

“मंग जाते कुठं गा ते सारं?” त्यांनी विचारलं.

सिंधूताई कप खाली ठेवून मागच्या दारी गेल्या. वैशाखाचं ऊन, पायाखाली मुरूम नुसता भाजत होता. टाकीवर फरशी बसवून छान ओटा केलेला, आणि ओट्यावर कुरडया वाळत घातलेल्या. ओट्यापासून उतार सुरू होत होता, आणि उतारावर दहा पावलांवर विहीर. शेजारची प्रयागबाई तिथं घागर भरत होती.

सिंधूताईंनी बादली सोडली, ओढली, नाकाशी नेली. वास शेवाळाचा नव्हता, गाळाचाही नव्हता. तो कशाचा हे कळायला शाळा लागत नाही.

भरली बादली घेऊन त्या आत आल्या. स्वयंपाकघरात ओट्याखाली विकतच्या पाण्याच्या तीन कॅन उभ्या होत्या.

“हे पाणी कोण पेते वं?” त्यांनी गोपाळरावांच्या बायकोला, शोभाताईंना विचारलं.

“आमीच. विहिरीचं भांड्याले लागते, फरशीले लागते.” शोभाताई जरा अडखळल्या. “अन् पावण्याच्या चहाले. उकयतेच ना ते!”

सिंधूताईंना मघाचा अर्धा कप आठवला. भोगायचं त्यांनी काही बाकी ठेवलं नव्हतं, पण पाहुण्याला जाणूनबुजून हे पाजणारं घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

“तुमाले मालूम होतं,” पुढच्या खोलीत बादली आणून त्या गोपाळरावांना म्हणाल्या.

“आता मालूम काय अन् काय! तळ टाकला नाई, बस. सिमेंट वाचलं. तुमी घ्या ना करून. तुमच्यातले दोन पोट्टे उतरवा खाली, घाण काढतीन, तळ टाकतीन. तुमाले कायची आली किळस!”

धम्मदीप ताडकन उठला. सिंधूताईंनी त्याला हातानं अडवलं.

“माह्या सासऱ्यानं छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरानं दुसऱ्याची घाण उचलली नाई. अन् टाकीत माणूस उतरवणं कायद्यात बसत नाई, गोपाळराव. बयाणा वापस करा.”

“कागद वाचा बाई. घर चांगलं हाये, पाणी चांगलं हाये.”

“चांगलं हाये?” सिंधूताईंनी बादलीतून लोटा भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. “मंग प्या. पेलात तर बयाणा सोडला मी. नाई पेलात तर आत्ताच्या आत्ता वापस.”

आवाज ऐकून दारात पाच-सहा बाया जमल्या होत्या. प्रयागबाई कमरेवर घागर घेऊन पुढेच उभी, तळाची गोष्ट तिनं ऐकली होती.

“पिऊ नोका जी!” शोभाताई आतून ओरडल्या.

जिंकलो, असं धम्मदीपला वाटलं. सिंधूताईंनाही वाटलं. गोपाळरावांनी लोट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग लोटा उचलला आणि गटागटा रिकामा केला. मिशा पुसल्या.

“झालं? परवा रजिस्ट्रीले या.”

सिंधूताईंना त्या पाण्याची वाटली नव्हती तेवढी किळस आता त्या माणसाची वाटली.

“आई, दीड लाख वं...” धम्मदीपनं त्यांचा हात धरला.

“बोलली ना मी. जाऊ दे. माह्यं नातवंड या घरातलं पाणी पेणार नाई.”

तेवढ्यात प्रयागबाईनं कमरेवरची घागर गोपाळरावाच्या पायाशी उपडी केली. पोपटी भिंतीवर शिंतोडे उडाले.

“पंधरा वर्षं पाजलं रे मुडद्या! माह्या नातवाले दर पावसाळ्यात सलाईन लागते, अन् मी म्हणो पोराच्या पोटातच खोट हाये!”

ती तरातरा स्वयंपाकघरात शिरली, एक कॅन कमरेवर घेतली आणि बाहेर आली. तिच्यामागं दुसरी बाई आत गेली, मग तिसरी.

“पैशाचं पाणी हाये ते!” गोपाळराव ओरडला.

“हाव ना,” सिंधूताई म्हणाल्या, “दीड लाख देले त्याचे मी. घेऊन जा वं बायांनो.”