आरशातले दार

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची समज चौथीच्या पुढे गेली नाही. कधी कोणी हे वाचलेच तर तेवढे सांभाळून घ्यावे. घरात कॉम्प्युटर आहे. सांगितले असते तर ह्यांनी सुबक टाइप करून दिले असते. पण ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच हाती कागद कसा द्यायचा? म्हणून आज दुपारी, हे मांद्र्याला गेलेले असताना, त्यांच्याच मेजावर बसून लिहिते आहे.

आमच्या निजायच्या खोलीत सकाळ दोन बाजूंनी येते. पूर्वेच्या जनेलातून पिवळी आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यातून निळी. रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतो, गरम पावांचा वास कुंपणापर्यंत येतो, आणि त्याच सुमारास हे पिवळ्या फडक्याने कॉम्प्युटरचा डबा पुसू लागतात. आधी माथा, मग दोन्ही कुशी, शेवटी मागची जाळी. मग त्याच्या पाठीवर थाप मारून बटण दाबतात. आतले पंखे आधी कुजबुजतात, मग एका सुराला लागतात, आणि तो सूर दूर चढावर लागलेल्या ट्रकासारखा खोलीभर पसरतो. चहा आधी घ्या म्हटले तर डब्यावरचा हात न काढता म्हणतात, "इंजिन तापू दी गो."

ह्यांचे अर्धे आयुष्य डिचोलीच्या खाणींवर लोहखनिज वाहण्यात गेले. ट्रक आमचा स्वतःचा होता. त्या काळी आमच्या दारची झाडेही तांबडी असत. पानावर बोट फिरवले तर खालचा हिरवा रंग दिसे. हे घरी येत तेव्हा पापण्यांवरसुद्धा तांबडी धूळ असे आणि बोलणे इंजिनाच्या आवाजावर चढवलेले, मोठे. मग खाणी बंद झाल्या. दोन पावसांत झाडे धुऊन हिरवी झाली, रस्ता इतका शांत झाला की पिकलेला फणस पडला तरी ऐकू येई, आणि त्या शांततेत ह्यांचा आवाजही कुठेतरी बुडून गेला. ट्रक विकला त्या दिवशी घेणाऱ्याला ह्यांनी एवढेच विचारले, सीट आणि आतला आरसा ठेवून घेऊ का? तो हसला आणि हो म्हणाला.

ती सीट आज मेजापुढे आहे, फणसाच्या लाकडाच्या चौकटीवर बसवलेली. तिच्या रेक्झिनला ह्यांच्या पाठीचा खळगा आहे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तो लांबट आरसा आहे. बाजूला जाड वायरी, ट्रकाच्या वायरिंगसारख्या रंगांप्रमाणे वेगळ्या बांधलेल्या; पडद्याखाली लिंबू-मिरची; आणि मेजाला घट्ट आवळलेले एक काळे, छोटे स्टिअरिंग. पलंग भिंतीला सरकून बसला आहे, माझे कपाट बाहेरच्या खोलीत गेले आहे. बाईमाणसाच्या खोलीत असे दुसरे बिऱ्हाड आले तर तिने रागवावे, पण मला राग आला नाही, कारण ते मीच आणले होते.

माझ्या भावाचे मांद्र्याला, समुद्राकाठी, छोटे गेस्टहाऊस आहे. ट्रक गेल्यावर आम्ही एकदा तिथे गेलो होतो. एक पाहुणा पडद्यावर ट्रकाचा खेळ खेळत होता; कुठल्याशा थंड मुलखातला रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ. त्याने सहज ह्यांना बसवले. स्टिअरिंगवर हात पडले मात्र, ह्यांचे खांदे खाली उतरले, मान सैल झाली आणि ओठांतून जुनी शीळ आली. ती शीळ मी विसरत चालले होते.

लग्न झाल्यापासून माहेरी मी काही मागितले नव्हते. भाऊबीजेला साडी कुठल्या रंगाची हवी हेसुद्धा नाही. त्या संध्याकाळी भाऊ माडाखाली मासळीची जाळी गुंडाळत होता, मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि पदराचे टोक पिळत म्हटले, "ह्यांका कॉम्प्युटर घेवन दी. हे गेस्टहाऊसांची कामां शिकतले. मी सांगतंय ना." माझा शब्द होता तो. ह्यांनी तो दारातून ऐकला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

यंत्र आले तेव्हा भावाने थट्टा केलीच. "भावोजी, ह्याका डिझेल खंय घालतत?"

"डिझेल नाय रे," हे म्हणाले, "ह्याका धीर लागता."

तेव्हापासून खोलीच्या दारात उभे राहण्याची मला सवय लागली. ह्यांच्या कानांवर हेडफोन असत, पडद्यावर रस्ता धावत असे. मला काही विचारायचे असे, जेवण वाढू का, नारळ पाडायला कोणाला बोलावू, पण मध्येच बोलायचा संकोच वाटे आणि मी परत वळे. एकदा वळतानाच ह्यांचा उजवा हात वर झाला आणि हवेत दोनदा हलला. मागच्या गाडीला वाट देताना ट्रकवाले खिडकीबाहेर हात हलवतात, ये, रस्ता मोकळा आहे, तसा. आरशात मी दिसत होते. त्यानंतर मी दारात आले की तो हात वर होई, आणि मला बोलणे सोपे जाई.

पण दसरा आला. ट्रकाची पूजा चालू ट्रकाची करायची, ही ह्यांची रीत. इंजिन बंद असताना घातलेला हार गाडीला लागत नाही म्हणतात. ह्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, हळद-कुंकू लावले, समोर नारळ ठेवला आणि विहिरीवर धुतलेला झेंडूचा घसघशीत हार त्याच्या माथ्यावर घातला. माथ्यावरही जाळी होती. थेंब आत गेले. पंखे एकदा खोकले, पडदा काळा झाला आणि फुलांच्या वासात दुसराच वास मिसळला.

त्यानंतर कितीतरी दिवस मी दारात उभी राहिले आणि हात वर झाला नाही. हे सीटवर बसून काळ्या पडद्याकडे पाहत. एक रुपया मिळवण्याआधी यंत्र गेले होते, आणि यंत्राबरोबर मी भावाला दिलेला शब्द. मांद्र्याचा फोन वाजला की मी भांडी घासायला बाहेर जाई.

मग एका सकाळी पोदेर येऊन गेला तरी हे चहाला आले नाहीत. पाहते तर पलंगावर माझी पांढरी चादर अंथरलेली आणि तीवर यंत्र उघडून ठेवलेले. स्क्रू करवंटीत. हे एकेक भाग नाकाशी नेत होते.

"वायरिंगचो वास," माझ्याकडे न बघता म्हणाले. "ट्रकाक येय तसोच. खंय जळला ता गावतला."

जळलेला भाग सापडला. फोनवर व्हिडिओ बघत बघत दुसरा बसवला, तो चुकीचा निघाला, पुन्हा बदलला. पंख्यांचा सूर परत खोलीत आला तेव्हा मी दारातच होते. हात वर झाला.

त्या हाताने मग मांद्रे गाठले. तिथल्या खाऱ्या वाऱ्याने यंत्रांना गंज चढतो, कॅमेरे आंधळे होतात. हे ती उघडून बसतात, पुसतात, थोपटतात. आधी भावाचे गेस्टहाऊस, मग शेजारचे, मग किनाऱ्यावरची आणखी काही. थंड मुलखातला रस्ता आता फक्त रविवारी धावतो. मात्र ह्यांच्या दसऱ्याला फुले आता मेजावर वाहिली जातात, कोरडी.

काल आम्ही दोघे भावाकडे गेलो होतो. कॉम्प्युटरचे पैसे हे थोडे थोडे करून फेडत होते; त्यांतले शेवटचे पुढे केले तर तो मागे सरला. "ऱ्हवांदी हो भावोजी, घाई कसली?"

"पैशे तुजे," हे म्हणाले, "पण शब्द तिचो. तो परत घेवन जातंय."

मी पदर खोचला आणि निघायची पिशवी उचलली.

आज ह्या सीटवर बसले तर आरशात मी दिसत नाही, दार दिसते. ह्यांनी तो तसाच वळवून ठेवला आहे, जिथे मी उभी राहते तिथे. मागे पडलेला रस्ता दाखवायलाच आरसा असतो म्हणतात. ज्या ज्या क्षणी मी न बोलता वळून गेले ते सगळे क्षण त्यात येऊन गेले असतील, आणि मला वाटत होते मला कोणी पाहिले नाही. एक दिवस ही सीट रिकामी असेल, नाहीतर हे दार. मागे राहील त्याला आरशात दुसऱ्याची जागा तेवढी दिसेल. अजून दोन्हींना माणूस आहे. संध्याकाळी हे येतील, मी दारात उभी राहीन, आणि माहेरचे काहीही देणे आता माझ्या पाठीमागे उभे नसेल. पैसे सगळे फिटले.