स्टुलाची सक्ती

नव्या डीनबाई आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मेडिकल कॉलेजचं भवितव्य एका बुटक्या लाकडी स्टुलावर ठेवलं. ते स्टूल टेबलावर सगळ्यांसमोर मांडून त्या म्हणाल्या, "सोमवारपासून राउंडला प्रत्येक खाटेशी डॉक्टरांनी बसायचं. बसून बोलायचं. नवी यंत्रं येतील तेव्हा येतील, आपलं कॉलेज इथून बदलेल."

सर्जरीच्या प्रमुखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांना तोफसाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

"आम्ही सर्जन आहोत मॅडम, गप्पा मारायला आलेले शेजारी नाही," ते कडाडले. "आणि पेशंटला विचारून मिळतं काय? पेशंट खोटं सांगतो. कधीपासून दुखतंय विचारा, 'झाले दोन-चार दिवस' म्हणेल. मुलांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवतो."

"एकदा बसून विचारून बघा ना, सर," डीनबाई गोड हसल्या.

खरी गोम वेगळीच होती. तोफसाहेबांचे गुडघे गेले होते. उभ्याने ते अजून कितीही लांबलेलं ऑपरेशन निभावत, हात जराही थरथरत नसे. पण एकदा का खाली बसले, की उठताना दाराची चौकट, बेसिन, बायकोचा खांदा, जे हाताला लागेल ते धरावं लागे. बायको सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर 'सर, आता आराम करा' म्हणत लोकांनी मोठ्या प्रेमाने त्यांना ऑपरेशन थिएटरबाहेर काढलं असतं. थिएटरशिवाय दिवस कसा घालवायचा, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

सोमवारी पहिल्या काही खाटांशी त्यांनी नुसतं वाकून बसल्याचं नाटक केलं. मग डीनबाई वॉर्डात शिरल्या. पुढच्या खाटेवर कपडे शिवणारी एक बाई होती, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलेलं. तोफसाहेबांनी देवाचं नाव घेतलं आणि बसले.

"कधीपासून दुखतंय?"

"झाले दोन-चार दिवस."

त्यांनी विद्यार्थ्यांकडे विजयी नजर टाकली. एरवी एवढ्यावर ते पुढे सरकले असते. आज सरकणार कसे? गुडघ्यांनी संप पुकारला होता. वेळ काढायचा म्हणून त्यांनी विचारलं, शिवण किती वर्षं करता, घरी कोण कोण आहे, मशीन हाताचं की पायाचं. विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले.

"खरं सांगू का साहेब?" बाई हळूच म्हणाली. "वर्ष होत आलं. माझेच कपडे मी दोनदा आत घेतले. पुन्हा ढगळ झालेत."

तोफसाहेब गुडघे विसरले. एवढं वजन उतरलं म्हणजे मामला नुसत्या खड्यांचा नसेल. "उद्याचं ऑपरेशन थांबवा," ते म्हणाले, "आधी सगळ्या तपासण्या करा." मग बाईकडे वळून जरा रागानेच, "हे काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही उभे होतात. निघालेल्या माणसाला कुणी सांगत बसतं का?"

आजवर आपण किती जणांसमोर असे निघालेले उभे राहिलो, या विचाराने त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"मला जरा उठवून बसवता का?" बाईने हात पुढे केला. त्यांनी तो धरला. कापडावर कात्री चालवून कमावलेल्या तिच्या पंजाने असा काही हिसका दिला, की बाई बसायच्या आत साहेब उभे होते. "माझेही गुडघे असेच आहेत," ती पुटपुटली.

संध्याकाळी ते डीनबाईंच्या खोलीत गेले आणि समोरच्या उंच खुर्चीत बसले.

"सर, काय बोललात त्या बाईंशी! मुलं अजून तेच सांगतायत."

"स्टुलं उंच करून घ्या."

"पेशंटसाठी?"

"माझ्यासाठी. गुडघे गेलेत माझे. ऑपरेशनं बंद करणार असाल तर आत्ताच सांगा."

"ते गुडघे बघून ठरवू. कधीपासून दुखतायत?"

"झाले दोन-चार दिवस," तोफसाहेब म्हणाले.

डीनबाई टेबलामागून उठल्या, कोपऱ्यातलं ते बुटकं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. तोफसाहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग खरं काय ते सांगायला सुरुवात केली.