सहा वेळा विकलेलं डुक्कर

डुकराचं वजन दोनशे साठ पौंड.

नातीच्या शिक्षणासाठी ओरव्हिल स्टिडमनं केलेल्या सरकारी मदतीच्या अर्जात त्याचे बत्तीस एकर दगडधोंडे मालमत्ता म्हणून धरले गेले आणि मदत निम्मी झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हॅटी कोम्ब्सचं कुंपण शेजारच्या ओरव्हिलच्या हद्दीत दीड हात आत. सात वर्षं अबोला.

सोमवारी अठराशे डॉलर भरले, तरच ओरव्हिलच्या नातीची, डेल्फियाची, नर्सिंग कॉलेजातली जागा राहणार.

आज शनिवार. केंटकीच्या डोंगरातल्या जत्रेत जनावरांचा लिलाव.

डेल्फिया काठीनं डुक्कर रिंगणात फिरवत होती. पशुखाद्यवाल्यानं ते सहाशेला घेतलं आणि लगेच टोपी हलवून ओरडला, "पोरीला परत द्या! फिरून विका!"

रीतच तशी. पैसे पोरीला, डुक्करही पोरीला. मग पाद्र्यानं घेतलं, परत दिलं. ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं, परत दिलं. पाच वेळा विकून सोळाशे झाले. माणसं हसून हसून बाकांवरून घसरायला लागली. डुकरानं भुशात बैठक मारली.

"ऊठ की रं!" डेल्फिया म्हणाली.

"बसू दे गं," लिलाववाला म्हणाला, "पाच घरं नांदून आलंय बिचारं!"

अजून दोनशे हवे होते, आणि सहाव्या खेपेला बोली दीडशेवर अडली. एकवार... दोनवार... डेल्फियाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मागून आरोळी आली, "एकशेऐंशी!"

हात वर होता तो तिच्या आजाचा.

"आरं ओरव्हिल, डुक्कर तुझंच हाय!"

"म्हणून तर ठावं हाय, लई गुणाचं हाय!"

मंडप गडगडला. डेल्फियाला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दिलेली बोली फिरत नाही, आणि आजाच्या खिशात तंबाखूशिवाय काही नव्हतं.

"आज्जा, काय केलंस हे?"

"रंगात आलो गं पोरी. हात आपसूक वर गेला."

एकवार... दोनवार...

"दोनशे!" हॅटी कोम्ब्स बाकावर चढली होती. "ह्या येड्या म्हाताऱ्याच्या दावणीला मुकं जनावर जाऊ द्यायची न्हाई मी!"

"बये, आधी कुंपण—"

"आधी बोली वाढीव, मग तोंड उघड!"

ओरव्हिल मटकन खाली बसला. हातोडा पडला. डेल्फियानं काठी फेकली आणि त्या दोनशे साठ पौंडांना कडकडून मिठी मारली.

"परत देणार का, हॅटी?" लिलाववाल्यानं विचारलं.

"छट्! खाणार मी! शेपटासकट!"

हॅटीनं डुकराचं मांस सोडलं त्याला आठ वर्षं झाली होती.