रसेलचं कारंजं

शनी माणसांच्या मागे लागतो म्हणतात. अमेरिकेतल्या बोल्डर गावात आम्ही माणसंच शनीच्या मागे लागलो होतो, तेही पगार घेऊन. नेमकं सांगायचं तर त्याच्या एन्सेलॅडस नावाच्या बर्फाळ चंद्राच्या मागे. त्या चंद्राच्या दक्षिणेकडच्या भेगांतून पाण्याची कारंजी थेट अवकाशात उडतात. आमचं यान तिथे घिरट्या घालत फोटो पाठवायचं आणि मी ते साफसूफ करून भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर चढवायचे.

कारंज्यांना खरं तर क्रमांक होते. पण आमच्या संस्थेत क्रमांकानं कुणाचं मन भरत नाही. ज्यानं जे कारंजं आधी पाहिलं, त्याचं नाव त्याला. नकाशावर तशा रंगीत चिठ्ठ्या होत्या. एक होतं ‘रसेल’, आमचे संचालक रसेल टिडवेल यांचं. दुसऱ्या भेगेवरचं सगळ्यांत मोठं ते ‘थेल्मा’, माझ्या शेजारच्या खोलीतल्या थेल्मा ब्रँडव्होल्डचं.

थेल्मानं उभा जन्म एकच गोष्ट मोजण्यात घालवला होता. ही कारंजी बदलतात कशी? चंद्र शनीपासून लांब गेला की भेगा सैलावतात, पाणी उसळतं. जवळ आला की त्या आवळतात, जोर ओसरतो. हे प्रत्येक फेरीचं झालं. शिवाय वर्षांमागून वर्षं जातात तसं एखादं तोंड बर्फानं बुजतं आणि भलतीकडेच दुसरं उघडतं.

यानात आता एकाच बुडीपुरतं इंधन उरलं होतं. एका कारंज्यातून आरपार जायचं, पाणी गोळा करायचं आणि त्यात सजीवांना लागणारं काही आहे का ते बघायचं. थेल्मा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. ते पाणी तिला एकदा बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

आणि संचालकांनी ठरवलं, बुडी ‘रसेल’मध्ये.

‘रसेल’ बंद पडलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं सगळे हळू आवाजात बोलायचे. “जरा विश्रांती घेतंय,” असं.

“संचालकांना हे सांगणार कोण?” मी थेल्माला विचारलं.

“तू सांग. तुझा आवाज गोड आहे.”

“मला अजून नोकरी करायचीय, बाई!”

थेल्मा हिरव्या मिरचीचा बरिटो खाता खाता थांबली. “मग त्याचा हट्ट कशाला बदलायचा? चिठ्ठ्या बदलू.”

पुढच्या बैठकीत ती चेहरा पाडून म्हणाली, “रसेल, जुने फोटो पुन्हा पाहिले. ते मोठं कारंजं आधी तूच पाहिलं होतंस. चुकून माझ्या नावावर चढलं आणि माझं तुझ्या.”

हे धादांत खोटं होतं. रसेल नम्रपणे म्हणाला, “मला तेव्हाच शंका आली होती. पण म्हटलं, जाऊ दे.”

मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. यानाचा मार्ग सांडशीनं धरल्यासारखा मोठ्या कारंज्याकडे वळला. थेल्मानं सगळ्यांना घरी भाजलेला ॲपल पाय खाऊ घातला.

बुडी जवळ आली आणि ते मोठं कारंजं, म्हणजे आता ‘रसेल’, बारीक होऊ लागलं. मी आधी कॅमेऱ्याला दोष दिला. थेल्मानं प्रत्येक फेरीतले एकाच जागेवरचे फोटो शेजारी शेजारी ठेवले. शंकाच नव्हती, तोंड बुजत होतं. आणि ते जुनं मेलेलं, म्हणजे आता ‘थेल्मा’, पुन्हा उघडलं होतं.

यानाला नवा मार्ग कळवायला शुक्रवारपर्यंत वेळ होता. थेल्मा आलेख घेऊन बैठकीत उभी राहिली, बुडी ‘थेल्मा’मध्ये घेऊ म्हणाली.

रसेलनं तिचं सगळं ऐकून घेतलं. “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, थेल्मा.”

“काय केलं मी?”

“निवृत्ती आली की वाटतं माणसाला, आपल्या नावाचं काहीतरी व्हावं. समजू शकतो मी. पण विज्ञानात ‘मी मी’ चालत नाही गं.”

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. खरं सांगायची सोय नव्हती; थेल्मानं आलेख गुंडाळले. नावं खोटी बदलली म्हटलं असतं, तर तिच्या आलेखावर तरी कुणी विश्वास ठेवला असता?

बुडीच्या दिवशी नशिबानं साथ द्यावी म्हणून, रिवाजाप्रमाणे, शेंगदाण्यांची वाटी सगळीकडे फिरली. यान शिस्तीत ‘रसेल’मधून गेलं. आकडे आले. यानाची ओंजळ कोरडी होती.

मग रसेलनं माइक हातात घेतला. “मित्रहो, एन्सेलॅडसच्या कोरडेपणाचं थेट मोजमाप मानवजातीनं आज प्रथमच केलं आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मोठ्या पडद्यावर यानाचा शेवटचा फोटो आला. मागे ‘थेल्मा’ उंचच उंच उसळत होतं.

“काय नशीब काढलंस!” रसेल तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला. “बघ, कसं उडतंय तुझं!”

थेल्माचे डोळे भरून आले होते. “मला रडू येतंय, रसेल.”

“येणारच. दिवसच ऐतिहासिक आहे.”

तिनं हातातले शेंगदाणे वाटीत परत टाकले. “हे कारंजं हवंय तुला? घेऊन टाक.”

मला वाटलं, आता तरी तो ओशाळेल. रसेलनं पडद्याकडे पाहिलं, जरा विचार केला.

“तुझा एवढा आग्रहच असेल, तर…”

सोमवारी मी पुन्हा चिठ्ठ्या बदलल्या.