दुसऱ्या पानाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनं फॅक्स मशीन आहे, आणि खोटं कशाला बोलू, जरा भित्रंच आहे. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या एका लहानशा गावात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात, जेवणघरासमोरच्या नर्सच्या टेबलावर माझा मुक्काम. दूरच्या दवाखान्यात कागद घातला की त्याची नक्कल माझ्यातून छापून निघते. नवं माणूस राहायला येतं, तेव्हा त्याच्या औषधांचा डॉक्टरांच्या सहीचा कागद माझ्याकडेच येतो. त्याशिवाय इथे डोकेदुखीची गोळीसुद्धा कुणी देत नाही.

नवेपणी माझा काय रुबाब होता! माझं 'पी-पी' ऐकलं की नर्स धावत यायच्या. पुढे तेच सगळ्यांच्या डोक्यात जाऊ लागलं. ऱ्होंडा नावाच्या कारकून बाईंनी माझा आवाज बंद करून टाकला. लाल दिवा तेवढा उरला, त्याच्यापुढे कुणीतरी वाढदिवसाचं कार्ड उभं केलं.

गेल्या शुक्रवारी चार वाजता व्हर्ना टोलेफसन आल्या. वय एक्याऐंशी. त्यांच्या औषधांची दोन पानं होती. पहिलं छापून झालं आणि माझा कागद संपला! दुसरं पान पोटातच राहिलं. त्यावर एकच ओळ होती: संध्याकाळच्या जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन.

सही दोन्ही पानांवर होती. नर्स डार्लीनने पहिलं पान उचललं, सही बघितली आणि फाइलला लावलं. कार्डामागे माझा दिवा उघडझाप करत होता. अहो, कुणीतरी बघा! पण मला कुठली वाचा? पाच वाजता जेवणाची गाडी खडखडत आली. बटाट्याचा लगदा, मटार, वर सफरचंदाचा गोड गर. माझी पाचावर धारण बसली.

ताट समोर आलं तशा व्हर्नाबाई म्हणाल्या, "पोरी, माझी सुई कुठाय?"

"कसली सुई?"

"पोटात टोचायची. जेवणाआधी."

डार्लीनने फाइल उघडली. "इथे तर काही लिहिलेलं नाही हो."

"नसेल! मग अकरा वर्षं काय हवा टोचून घेतेय मी?"

डार्लीनने ताट बाजूला केलं आणि दवाखान्यात फोन लावला. मग फोन ठेवला. "दोन पानं पाठवली म्हणतायत," ती ऱ्होंडाबाईंना म्हणाली आणि माझ्याकडे धावली. कार्ड खाली पडलं. तिने कागद भरला. पान बाहेर आलं, तिने वाचलं.

"अगं बाई! मीच वाढायला सांगितलं होतं."

मग सुई टोचली, जेवण गरम करून आलं. माझा आवाजही सुरू झाला.

पण माझी धास्ती काही जात नाही. मित्रांनो, कुणी तुमच्या भरवशावर येणार असेल, तर त्याचा कागद पुरता आलाय का, हे त्याचं ताट वाढण्याआधी बघत जा. व्हर्नाबाईंनी तोंड उघडलं म्हणून निभावलं. सोमवारी ऑर्विल हॅन्सन येणार आहेत. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आहे.