माझो आडाळो खंय?

जवळ बसा, पण बोटं सांभाळून. मी जानकीचा आडाळो. तुम्ही घाटावरचे असाल तर मला विळी म्हणाल, म्हणा बापडे. खाली फणसाचा पाट, वर वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दात. धारेच्या जातीला कुणावर चटकन विश्वास ठेवता येत नाही, आणि माझा स्वभाव तर त्याहून संशयी. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर जानकीची खानावळ होती. माझं पातं तिने लोहारासमोर बसून करून घेतलं, "माका फसवू नुको हां," असं त्याला पुन्हा पुन्हा बजावत. तेव्हाच आमचं जमलं. तिचा एक नेम होता. खवलेल्या खोबऱ्याला आमच्याकडे सोय म्हणतात; सकाळची सोय ती वाटपात, म्हणजे आमटीच्या वाटलेल्या मसाल्यात, घालायची नाही. गिऱ्हाईक बाकावर टेकलं की मग ती माझ्यावर बसायची. "खवल्याचो आवाज आयकलो, की तेका कळता, सोय ताजी आसा." दुसऱ्याकडे जेवायला गेली तरी तिचा कान आधी स्वयंपाकघराकडे. आवाज नाही तर जेवण शिळं, असं तिचं ठाम मत.

साठी उलटली आणि तिच्या हातून आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. भरलेलं ताट कुणासमोर ठेवायचं ते आठवेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. मुलगा सर्वेश म्हणाला, "आये, जल्मभर राबलंस, आता गप बस." त्यात माया होती, नाही कशाला म्हणू? खानावळ बंद झाली. तरी सवयीने ती माझ्यावर येऊन बसायचीच. एकदा तिचं बोट चिरलं, आणि सून सृष्टीने मला गोणपाटात गुंडाळून गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, शेजारणीला, सुभद्रेला देऊन टाकलं. घरात मिक्सर आला. सुंठीवाचून खोकला गेला असंच त्या सुनेला वाटलं असणार, असं मी धरून चाललो.

गडग्यापलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"माझो आडाळो खंय? कोणीतरी चोरलो," जानकी ओरडायची.

"माळ्यार आसा गे," सर्वेश सांगायचा. साफ खोटं.

मग तिने जेवण टाकलं. "ह्येच्यात कायतरी घातलेला आसा," म्हणून ताट ढकलायची. सृष्टी सासूला उपाशी मारते आहे, असा मला पक्का संशय होता. वाडीतही कुजबुज सुरू झाली होती.

एका संध्याकाळी सृष्टी गडग्याला टेकून सुभद्रेपाशी रडली. "डॉक्टर म्हणतत, संशय हो आजाराचोच भाग. पण वजन असाच उतारला तर आजार भरभर वाढतलो. ताकद गेली की माणूस पडता, अंथरूण धरता, छातीत कफ साठता. कोण किती जगतलो ता सांगूक येणा नाय, पण खाणा नि हालचाल आपल्या हातात आसा म्हणतत. आणि माझ्या हातचा ती खायतच नाय, काकी." मला ते रडणंही खरं वाटेना. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढंच मनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभद्रा तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यासाठी माझ्यावर नारळ खवत होती. गडग्यातल्या वाटेने जानकी आली. पाय अनवाणी, केस सुटलेले, अंगावर मांस म्हणून नाही. पडवीत मांडी घालून बसली, गिऱ्हाईक बसतं तशी. सुभद्रेने भीत भीत वाढलं. जानकी जेवली. ताट पुसून जेवली.

सृष्टी शोधत धावत आली ती दारातच थांबली. "आई, मीपण ह्याच केलंय. तिसऱ्यांचा सुका."

"खोटा बोलतंस," जानकी म्हणाली. "तुझ्या घरात खवल्याचो आवाज नाय. मगे सोय खयसून इली? शिळी, नायतर इख घातलेली." आणि तिने माझ्या पाटावर हात ठेवला. "ह्यो माझो. चोरलो म्हणान सांगत होतंय मी. कोणाक खरा वाटला?"

आजारी बाईचे सगळे संशय खोटे, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, आणि हा एक तर खरा निघाला. पुरावा म्हणून मी समोरच होतो.

सृष्टी तिच्याजवळ खाली बसली. "मीच दिलंय, आई. माझा चुकला."

त्याच दुपारी मी घरी आलो. सर्वेशने कानस घेऊन माझं पातं बोथट केलं, दात तेवढे ठेवले. तेव्हापासून जेवणाआधी सृष्टी सासूसमोर बसून खवते. कधी नारळाची वाटी जानकीच्याच हातात देते आणि वरून स्वतःचे हात धरते. जानकी खाऊ लागली, देवळापर्यंत चालू लागली. मी पुष्कळ दिवस सुनेवर डोळा ठेवून होतो. सापडलं काहीच नाही. संशयी असलो तरी आंधळा नाही मी.

आजार थांबला नाही, हेही सांगायला हवं. आता तिला कुणाची नावं येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात छाती भरली, पण त्यातून निभावून गेली. अंगात थोडी शक्ती साठली होती म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. हल्ली ती खाटेवरच असते आणि चमच्याने पातळ पेज घेते. पेजेत खोबरं नसतं. तरी पहिल्या चमच्याआधी सृष्टी मला खाटेशी आणते आणि रिकामी करवंटी माझ्या दातांवर फिरवते. जानकी पडल्या पडल्या कान देते आणि तोंड उघडते.

शुद्ध फसवणूक आहे ही. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी हुंगणारा मी, आणि या एका लबाडीत मुकाट्याने सामील आहे. माझं मागणं फार नाही. ते तोंड उघडतंय तोवर मला माळ्यावर टाकू नका, कुणाला देऊही नका. आणि दात झिजले तर वेळीच कानस लावून घ्या. आवाज चोख यायला हवा, तिला बनाव लगेच कळतो.