देवळात काढलेला शब्द

सगुणाच्या पायाचं बोट गेलं ते माझ्या तोंडामुळे, असं गाव आजही म्हणतं. म्हणू दे. काय झालं ते मीही सांगते.

सगुणा माझी धाकटी जाऊ. स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांनी मिठागराच्या बांधावर तिला फुरसं चावलं. आमच्याकडे असं सरळ कुणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणायचं. आणि माणूस देवळात भगतापुढे बसवला की ‘इख’, म्हणजे विष, हा शब्द तर ओठांवरही आणायचा नाही. कुणी आणलाच, तर उतरत आलेलं पुन्हा वर चढतं, आणि भगतानं तिथून उठून जायचं. तसा नेमच होता.

कोंडाजी भगत सकाळपासून कडुनिंबाचा डहाळा फिरवत होता. दुपारपर्यंत सगुणाचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी तिच्या नवऱ्याला, नामाला म्हटलं, "गाडी जुंप. उरणला डाक्तराकडं नेऊ."

"गप ऱ्हा, वैनी. भगतबाबांनी सांगितल्याबिगर हलवायची न्हाय."

बायको डोळ्यांदेखत मरतेय आणि हा हात जोडून बसलाय! माझं डोकंच फिरलं. त्या म्हाताऱ्याला उठवायचा एकच उपाय होता. तो करूनही सगुणा मेली असती, तर गावानं मला जिवंत सोडलं नसतं, हेही मला ठाऊक होतं.

मी मधोमध जाऊन ओरडले, "इख हाय तिच्या अंगात! इख!"

कोंडाजी डहाळा टाकून पायऱ्या उतरला. सासूनं माझ्या मुस्काटात मारली. पण आता भगतच उरला नव्हता. नामानं रडत रडत गाडी जुंपली.

डॉक्टरांनी सुया टोचल्या. सगुणा वाचली, एक बोट तेवढं कापावं लागलं.

महिन्याभरानं ती घरी आली. मी तिच्यापुढे पेज ठेवली, तर तोंड फिरवून म्हणते कशी, "बाबांनी उतरवलंच व्हतं, बाय. तू त्यो सबुद काढला नसतास तर माजं बोट ऱ्हायलं असतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दारात उभी राहिले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा तोच शब्द पुन्हा तीनदा ओरडले.

सगुणानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. जिवंत होती, म्हणून झाकले.